बर्फ आणायला खाली गेलेला माणूस

मार्च 1957. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरची एक जुनी, पडायला टेकलेली इमारत. वरच्या मजल्यावर रॉबर्ट रॉशेनबर्ग नावाचा 31 वर्षांचा चित्रकार राहत होता आणि तिथेच काम करत होता. त्याचं काम पाहायला लिओ कॅस्टेली आणि त्याची बायको इलिआना आले होते. कॅस्टेलीनं महिन्याभरापूर्वीच स्वतःची गॅलरी उघडली होती आणि तो नव्या चित्रकारांच्या शोधात होता. पाहुण्यांसाठी पेयं ओतली गेली, पण बर्फ नव्हता. फ्रीज होता खालच्या मजल्यावर, जॅस्पर जॉन्सकडे. खाली जाऊन जॅस्परकडून बर्फ घेऊन येतो, असं रॉशेनबर्ग म्हणाला.

ते नाव ऐकून कॅस्टेली थबकला. काही दिवसांपूर्वीच त्यानं ज्यूइश म्युझियममधल्या एका समूहप्रदर्शनात एक हिरवं चित्र पाहिलं होतं. नेमबाजीच्या लक्ष्यासारखी एकात एक वर्तुळं, आणि सगळी हिरवीच. नाव लक्षात राहिलं होतं, माणूस मात्र ठाऊक नव्हता. तो माणूस पायाखालच्याच मजल्यावर राहतो हे कळल्यावर कॅस्टेलीला वरची चित्रं दिसेनाशी झाली. सगळेच खाली गेले. तिथे भिंतींना टेकून ठेवलेले झेंडे, लक्ष्यं, आकडे आणि अक्षरं होती, आणि बाहेरच्या जगानं त्यातलं जवळजवळ काहीच पाहिलेलं नव्हतं. कॅस्टेलीनं तिथल्या तिथे जॉन्सला प्रदर्शनाचं विचारलं.

कॅस्टेलीनं हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगितला, आणि कलाव्यवहारात तो पारखी नजरेची गोष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. विक्रेता येतो, पाहतो, ओळखतो. मला तो जिन्यावरून पाहावासा वाटतो. कलेच्या क्षेत्रात काम शोधणाऱ्याला किंवा नवे कलावंत हुडकू पाहणाऱ्याला त्या जिन्यावर नजरेपेक्षा जास्त काही सापडतं. म्हणून हे प्रकरण सवडीनं उलगडतो.

पाहुणा: पन्नाशीला टेकलेला नवशिका

कॅस्टेलीचा जन्म 1907 चा, त्रिएस्तचा. गॅलरी उघडली तेव्हा तो 49 वर्षांचा होता. त्याआधी विमा कंपनीत आणि बँकेत नोकरी झाली होती. 1939 मध्ये पॅरिसला रने द्रुएँ याच्या भागीदारीत एक गॅलरी सुरू केली, पण युद्ध आलं आणि ती मागे राहिली. 1941 मध्ये तो अमेरिकेत पोचला. युद्धानंतर पोटापाण्याची सोय सासऱ्याच्या ओळखीनं झाली, विणलेल्या कपड्यांच्या धंद्यात. ही नोकरी तो कशीबशी करत असे. मन चित्रकारांमध्ये रमलेलं.

त्याच्या या मधल्या काळाकडे सहसा कुणी नीट बघत नाही. 1949 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी ‘द क्लब’ नावाचा अड्डा सुरू केला. त्यात चित्रकार नसलेले फार थोडे होते आणि कॅस्टेली त्यांतला एक. दोन वर्षांनी, 1951 मध्ये, ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवरच्या पाडायला काढलेल्या एका इमारतीत साठहून अधिक चित्रकारांनी मिळून प्रदर्शन मांडलं. जागेचं भाडं भरणं, चित्रं टांगणं, कुणाचं चित्र कुठे लागेल यावरून रुसलेल्यांची समजूत काढणं, असल्या कामांत कॅस्टेली पुढे होता. सिडनी जॅनिसच्या गॅलरीसाठी त्यानं प्रदर्शनं जुळवून दिली. रशियन चित्रकार कांडिन्स्कीच्या विधवेसाठी चित्रविक्रीची मध्यस्थी केली.

पद नाही, पाटी नाही, पगारही नाही. तरी जवळपास दहा वर्षं तो काम करतच होता. 1957 च्या फेब्रुवारीत ईस्ट सेव्हंटीसेव्हन्थ स्ट्रीटवरच्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात त्यानं गॅलरीची पाटी लावली, तेव्हा धंदा नवा असला तरी ओळखी जुन्या होत्या. ‘कलाक्षेत्रात शिरायचं कसं?’ असं विचारणाऱ्यांना अर्ज, मुलाखत, नेमणूक असा क्रम डोळ्यांसमोर दिसतो. इथे तो उलटा आहे. आधी लोक तुम्हाला कामात पाहतात आणि त्या कामाला नाव कधीतरी मागाहून मिळतं. अर्थात एवढी वर्षं बिनपगारी काढायला सासऱ्याचा आधार पाठीशी लागतो. हे वाक्य यशोगाथांमधून गाळलेलं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. नाइन्थ स्ट्रीटच्या त्या प्रदर्शनात रॉशेनबर्गचंही चित्र होतं. म्हणजे पर्ल स्ट्रीटचा जिना कॅस्टेली चढला तो अनोळखी दारावर थाप मारायला गेला नव्हता.

यजमान: तबेल्यातला झाडूवाला

रॉशेनबर्गची 1957 पर्यंतची कारकीर्द पाहिली तर त्याला ‘न सापडलेला कलावंत’ म्हणता येणार नाही. तो पुन्हा पुन्हा सापडत होता आणि पुन्हा पुन्हा निसटत होता. 1951 मध्ये बेटी पार्सन्सच्या गॅलरीत त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. ज्या गॅलरीनं जॅक्सन पोलॉकसारखा गाजलेला चित्रकार दाखवला, तिथे पंचविशीत प्रदर्शन. एकही चित्र विकलं गेलं नाही.

पुढचा मुक्काम स्टेबल गॅलरी. नाव शब्दशः खरं होतं, कारण जागा मुळात घोड्यांचा तबेला होती आणि हवा दमट झाली की तो जुना वास अजूनही यायचा. एलिनॉर वॉर्ड नावाची बाई ती चालवत असे. रॉशेनबर्ग तिथे झाडलोट करी, सामान हलवी, पडेल ते काम करी. 1953 मध्ये त्याच गॅलरीत साय ट्वॉम्ब्लीबरोबर त्याचं प्रदर्शन झालं. त्यात त्यानं नुसते पांढरे आणि नुसते काळे पृष्ठभाग मांडले होते. लोकांनी थट्टा केली. त्याच वर्षी त्यानं विलेम द कूनिंग या नामवंत चित्रकाराकडून एक रेखाचित्र मागून घेतलं आणि ते खोडून टाकलं. हीच त्याची कलाकृती. त्यामुळे गावभर नाव झालं, पण ‘खोडकर पोरगा’ म्हणून. 1954 च्या अखेरीस एगन गॅलरीत आणखी एक प्रदर्शन झालं.

झाडूवाल्याला प्रदर्शन मिळालं, ही गोष्ट सांगताना सावध राहायला हवं. गॅलरीत हरकाम्या म्हणून शिरलेल्या किती जणांना कधीच भिंत मिळाली नाही, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तरी एवढं म्हणता येईल: गॅलरीच्या आत असलेल्या माणसाला पेट्या कशा बांधतात, विमा कोण काढतं, कुठला संग्राहक कधी येतो आणि कुठला नुसताच बोलतो, हे सगळं कळतं. बाहेर उभ्या असलेल्याला गॅलरी म्हणजे पांढरी भिंत, एवढंच दिसतं.

शेजारी, आणि काचेमागची नोकरी

जॅस्पर जॉन्स 1930 चा. सैन्यातली दोन वर्षं संपवून तो 1953 मध्ये न्यूयॉर्कला परतला आणि पुस्तकाच्या एका दुकानात रात्रपाळीला लागला. 1953-54 च्या हिवाळ्यात सुझी गॅब्लिक या त्यांच्या मैत्रिणीनं त्याची आणि रॉशेनबर्गची ओळख करून दिली. पुढची काही वर्षं हे दोघं कामातही आणि आयुष्यातही जोडीदार होते. दुकानातली नोकरी सोडून माझ्याबरोबर काम कर, असं रॉशेनबर्गनं त्याला पटवलं.

काम होतं मोठ्या दुकानांच्या दर्शनी काचांमागची सजावट. बॉन्विट टेलर हे कपड्यांचं दुकान आणि टिफनी ही जवाहिऱ्यांची पेढी, दोन्हीकडची सजावट जीन मूर नावाचा माणूस पाहत असे. त्याला हात हवे होते आणि या दोघांना भाडं भरायचं होतं. त्यांनी ‘मॅटसन जोन्स’ या टोपणनावानं काम घेतलं. मॅटसन हे रॉशेनबर्गच्या आईचं माहेरचं आडनाव. टोपणनाव कशासाठी, तर चित्रकार म्हणून जे नाव करायचं होतं ते या कामापासून वेगळं राहावं म्हणून. भाड्यापुरते पैसे जमले की काम थांबायचं आणि दोघं पुन्हा चित्रांकडे वळायचे.

या सजावटीच्या कामाकडे मी थोडा जास्त वेळ देणार आहे, कारण कलेत काम शोधणाऱ्यांच्या डोक्यात ‘खरी कला’ आणि ‘पोटाचं काम’ यांच्यामध्ये फार जाड भिंत असते. मूर हा त्या भिंतीतला दरवाजा होता. दुकानाची काच रस्त्यावरच्या हजारो लोकांसमोर असते, आणि तिथे तो मधूनमधून या चित्रकारांची स्वतःची चित्रंही लावत असे. 1957 मध्ये जॉन्सचा नारिंगी पार्श्वभूमीवरचा झेंडा बॉन्विट टेलरच्या काचेत झळकला होता, पोशाख घातलेल्या पुतळ्यांच्या मागे. पुढे 1961 मध्ये याच दुकानाच्या काचेत अँडी वॉरहॉल या चित्रकाराची चित्रं लागली. गॅलरीनं अजून दार उघडलेलं नसताना चित्र काचेत लागलं होतं, आणि ते लावणाऱ्याला कुणी शोधक म्हणत नाही.

दरम्यान जॉन्सनं एक कठोर गोष्ट केली होती. 1954 मध्ये आपल्या ताब्यातलं जुनं काम त्यानं नष्ट केलं. मग आला अमेरिकेचा झेंडा, म्हणजे झेंडा फडकतानाचं चित्र नव्हे, कडेपासून कडेपर्यंत नुसता झेंडाच. खाली वर्तमानपत्राचे कपटे आणि त्यांवर वितळवलेल्या मेणात कालवलेला रंग. मेण झटकन घट्ट होतं, म्हणून प्रत्येक फटकारा जिथल्या तिथे गोठून दिसतो. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये चित्र म्हणजे चित्रकाराच्या अंतरंगाचा स्फोट, असा दंडक होता. त्यात हा माणूस शाळेतल्या मुलालाही ओळखू येतील अशा वस्तू थंडपणे रंगवत बसला होता. रोज पाहणारा एकच होता, वरच्या मजल्यावरचा.

ती भेट, पुन्हा एकदा

आता जिन्याकडे परत येऊ. कॅस्टेलीला हिरवं लक्ष्य ज्यूइश म्युझियममध्ये दिसलं. ते प्रदर्शन न्यूयॉर्कच्या ‘दुसऱ्या पिढी’च्या 23 चित्रकारांचं होतं आणि त्याच्या पुस्तिकेची प्रस्तावना कलेतिहासकार लिओ स्टाइनबर्ग यांची. रॉशेनबर्गही त्यात होता. म्हणजे निवड करणाऱ्यांच्या हाताखालून जॉन्स आधीच गेला होता. नजर कॅस्टेलीची, हे खरंच. 23 जणांच्या गर्दीतलं एक अनोळखी नाव डोक्यात राहणं ही साधी गोष्ट नाही. पण ते चित्र त्या भिंतीवर आणून लावणारे वेगळे होते, चित्रकाराला रात्रपाळीतून काढून चित्रापाशी बसवणारा वेगळा होता, आणि कॅस्टेलीला त्या इमारतीत आणणारं निमित्तही रॉशेनबर्गच होता. उरला तो बर्फ.

रॉशेनबर्गच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वर्षानुवर्षं झगडल्यावर एक नवा, उत्सुक, चांगल्या ओळखींचा विक्रेता आपल्या घरी आपलं काम पाहायला येतो. आपण त्याला खाली घेऊन जातो, आणि वर परत येताना त्याच्या डोळ्यांत आपली चित्रं नसतात. रॉशेनबर्गला जॉन्सच्या कामाचं मोल कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, त्यामुळे त्यानं हे कमी मनानं केलं असेल असं मला वाटत नाही. पण जॉन्सला तिथल्या तिथे प्रदर्शन मिळालं आणि त्याला त्या दिवशी तसं काही मिळालं नाही. इलिआनाला मात्र रॉशेनबर्गचं काम मनापासून भावलं होतं, आणि पुढे तिनं त्याची बाजू लावून धरली. मे महिन्यात गॅलरीच्या समूहप्रदर्शनात दोघांचंही एकेक चित्र लागलं.

1958: सहा आठवड्यांतली दोन प्रदर्शनं

जॉन्सचं प्रदर्शन 20 जानेवारी 1958 ला उघडलं. त्याआधीच ‘आर्टन्यूज’ मासिकाचा संपादक थॉमस हेस गॅलरीत येऊन एक चित्र घेऊन गेला होता, आणि जानेवारीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ते छापलं गेलं. लक्ष्याच्या वरच्या खणांत चार अर्धवट चेहरे असलेलं ते चित्र. 27 वर्षांच्या, कधीच एकल प्रदर्शन न झालेल्या चित्रकाराला त्या काळातल्या सर्वात वजनदार कलामासिकाचं मुखपृष्ठ मिळालं. प्रदर्शन उघडायच्या आधीच वाचणाऱ्यांना ते पाहायची घाई झालेली होती. गॅलरीतली भिंत आणि मासिकाचं पान यांची वेळ अशी जुळणं याला कुणी नशीब म्हणेल. मला त्यात कॅस्टेलीची दहा वर्षांची ये-जा दिसते.

म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे संग्रहप्रमुख आल्फ्रेड बार आले आणि त्यांनी संग्रहालयासाठी तीन चित्रं घेतली: हिरवं लक्ष्य, पांढरे आकडे आणि ते मुखपृष्ठावरचं. झेंडा त्यांना हवा होता, पण देशप्रेमाच्या नावानं विश्वस्तांत वाद पेटेल अशी धास्ती होती. म्हणून त्यांनी वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांना तो विकत घ्यायला लावला. 1973 मध्ये जॉन्सननी तो संग्रहालयाला दिला, बार यांच्या सन्मानार्थ. संस्था कशा चालतात याचा हा छोटासा धडा आहे. अधिकाऱ्याला जे उघडपणे घेता येत नाही, ते तो स्नेह्याच्या भिंतीवर ठेव म्हणून ठेवतो. शरीराच्या अवयवांचे प्लास्टरचे साचे खणांत ठेवलेलं आणखी एक लक्ष्य होतं. त्यातला एक खण उघडा ठेवणं संग्रहालयाला अवघड वाटलं, आणि ते चित्र कॅस्टेलीनं स्वतःकडेच ठेवलं. बाकी जवळपास सगळं विकलं गेलं.

मार्चमध्ये त्याच भिंतींवर रॉशेनबर्ग लागला. कापडं, छायाचित्रं, रस्त्यावर सापडलेल्या वस्तू आणि रंग एकत्र करून तो जे करत होता, त्याला तो ‘कम्बाइन’ म्हणे. त्यातलं ‘बेड’ म्हणजे उशी, चादर आणि गोधडी लाकडी चौकटीवर उभी टांगलेली, आणि वरून रंग ओघळलेला. दोन वस्तू विकल्या गेल्या. त्यांतली एक गिऱ्हाइकानं परत केली. दुसरी, म्हणजे ‘बेड’, कॅस्टेलीनं स्वतः विकत घेतली.

तोच विक्रेता, तीच जागा, सहा आठवड्यांचं अंतर. वर्षानुवर्षं पाय घासलेल्याच्या पदरात जवळजवळ काही नाही, आणि त्याच्या ओळखीनं आलेल्याचं सगळं विकलेलं. मेणातला झेंडा गोंधळात टाकणारा असला तरी सुबक होता, भिंतीवर चपखल बसणारा. रंग ओघळलेली गोधडी दिवाणखान्यात लावायची कुणी? शोध लागणं आणि विक्री होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामधला काळ कुणीतरी पोसावा लागतो. इथे कॅस्टेलीचं खरं काम सुरू होतं. आपल्या चित्रकारांना तो विक्री होवो न होवो दरमहा ठरावीक रक्कम देत असे. न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत त्या काळी सर्रास नव्हती. ‘बेड’ स्वतः घेणं हेही त्याच जातीचं काम. नजरेच्या गोष्टीत हे येत नाही, कारण यात दिवा पेटल्याचा क्षण नाही. हिशेबाची वही आहे फक्त.

जिना पुढेही तोच

ही एकच घटना असती तर योगायोग म्हणून सोडून दिली असती. 1959 मध्ये कॅस्टेलीनं आयव्हन कार्पला गॅलरीत घेतलं. कार्प त्याआधी हान्सा गॅलरीत काम करून आला होता. हान्सा ही चित्रकारांनी स्वतःच वर्गणी काढून चालवलेली गॅलरी, आणि तिच्या संस्थापकांत ॲलन कॅप्रो होता. 1961 मध्ये कॅप्रो एका विद्यापीठात शिकवत असताना त्याचा सहकारी रॉय लिक्टेनस्टाइन चित्रकथांच्या चौकटी मोठ्या करून रंगवू लागला. कॅप्रोनं कार्पला फोन केला. लिक्टेनस्टाइन चित्रं घेऊन आला, कार्पनं ती ठेवून घेतली आणि कॅस्टेलीला दाखवली. इथेही जुन्या कामातली ओळख, एका चित्रकारानं दुसऱ्याविषयी टाकलेला शब्द, आणि शेवटी गॅलरी.

वॉरहॉलनं ती चित्रं कॅस्टेलीच्या मागच्या खोलीत पाहिली आणि तो हादरला, कारण तोही तसंच काही करत होता. कार्प त्याच्या घरी जाऊन काम पाहून आला आणि त्याच्या बाजूनं बोलला. कॅस्टेलीनं नकार दिला. एकाच गॅलरीत एकसारखे दोघं नकोत, असं त्याचं म्हणणं. 1962 मध्ये वॉरहॉलचं न्यूयॉर्कमधलं प्रदर्शन लागलं ते स्टेबलमध्ये, एलिनॉर वॉर्डकडे, जिच्याकडे पूर्वी रॉशेनबर्ग झाडू मारायचा. कॅस्टेलीकडे तो 1964 मध्ये आला. म्हणजे ज्याची नजर वाखाणली जाते, त्यानंच हातात आलेला वॉरहॉल आधी परत पाठवला होता. कारण नजरेचं नव्हतं. गॅलरीत कुणाशेजारी कोण बसेल, या गणिताचं होतं. नकार मिळालेल्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तर निदान रात्रीची झोप तरी जाणार नाही.

कार्पची नोकरीही पाहण्यासारखी आहे. गॅलरीत येणाऱ्या अनोळखी चित्रकारांचं काम पाहणं आणि स्टुडिओ पालथे घालणं हे त्याचं काम. आज गॅलरी सहायक, संग्रहालयातला साहाय्यक अभिरक्षक, चौकटी बनवणारा, चित्रं बांधून पाठवणारा, छायाचित्रकार, सूचीकार अशी कामं असतात. जाहिरात येते तेव्हा त्यांतली बरीच कुणाच्या तरी शब्दावर ठरलेली असतात, असं या क्षेत्रातली माणसं खाजगीत सांगतात. मला यात अन्याय दिसतो. ज्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कुणी नाही, त्याचं काय? ज्याला दहा वर्षं बिनपगारी वावरणं परवडत नाही, त्याचं काय? कॅस्टेलीच्या सुरुवातीच्या यादीत स्त्रिया किती थोड्या होत्या हे पाहिलं, की कुणाचा शब्द कुठवर पोचत होता ते कळतं.

रॉशेनबर्गचं पुढे काय झालं? 1961 मध्ये तो आणि जॉन्स वेगळे झाले. 1964 मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात चित्रकलेचं मोठं पारितोषिक त्याला मिळालं. आता त्याच्या वस्तू कुणी परत करत नव्हतं.

कॅस्टेलीनं ती गोधडी 31 वर्षं सांभाळली आणि 1989 मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला भेट दिली. पाटीवर देणाऱ्याचं नाव आहे आणि ज्यांच्या सन्मानार्थ दिली त्यांचंही: आल्फ्रेड बार. मार्च 1958 च्या त्या प्रदर्शनातून काहीही विकत न घेणारे तेच.